सड्याला नकाशात रंग कुठला द्यायचा?

राजापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय: ‘वनाच्छादन वाढतंय असं सरकारी अहवाल सांगतो. आमच्या डोळ्यांसमोर सडे, म्हणजे जांभ्या कातळाची सपाट पठारं, मात्र सुरुंगानं फुटतायत. देशातल्या एखाद्या नैसर्गिक वनस्पतिप्रकाराला किती धोका आहे आणि त्याला संरक्षण किती मिळालंय, हे ठरवायची काही रीतसर पद्धत आहे का? आमच्या सड्यांचा असा दर्जा विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल का?’

सर, आधी त्या वाढत्या टक्क्यांचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन मिळून देशाच्या २५.१७ टक्के भूभागावर दाखवलंय. आकडा खोटा नाही. पण तो मोजतो काय? एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा आणि त्यावर झाडांच्या शेंड्यांची किमान १० टक्के सावली असली की ते वनाच्छादन. जमीन कुणाचीही असो, झाडं कुठलीही असोत. हापूसची बाग, नारळाची वाडी, निलगिरीची लागवड आणि आंबोलीचं सदाहरित रान हे सगळं एकाच बेरजेत जातं. म्हणजे उद्या तुमच्या सड्यावर सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली आणि कलमं लावली, तर आठ-दहा वर्षांत तिथलं वनाच्छादन वाढेल. सडा गेला ही गोष्ट त्या अहवालात कुठल्याच रकान्यात येणार नाही, कारण सड्याला तिथे रकानाच नाही.

म्हणून तुम्ही विचारताय ते काम ‘किती हिरवं आहे’ या प्रश्नापासून सुरूच होत नाही. ते सुरू होतं ‘कशाला एक प्रकार म्हणायचं’ इथून. आणि माझ्या अनुभवात अर्धं भांडण तिथेच असतं.

भारतात वनप्रकारांसाठी सगळे आजही चॅम्पियन आणि सेठ यांची १९६८ ची वर्गवारी वापरतात. ओल्या सदाहरित जंगलापासून कोरड्या हिमालयी खुरट्या झुडपांपर्यंत १६ गट आणि त्यांखाली दोनशेच्या आसपास उपप्रकार. फार मेहनतीचं काम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ते वनखात्याच्या नजरेतून झालेलं आहे. त्यात सोलापूरकडच्या गवताळ माळाची जागा बघा: ५/डीएस४. यातलं ‘डीएस’ म्हणजे ऱ्हासाची अवस्था. अर्थ असा की माळ हा स्वतंत्र प्रकारच नव्हे, ते बिघडलेलं पानझडी जंगल. एकदा हे मान्य केलं की माळावर झाडं लावणं हा उपचार ठरतो आणि माळ नष्ट होणं ही सुधारणा ठरते. प्रत्यक्षात हिमालयाच्या पायथ्याच्या सिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीच्या थरांतल्या कार्बनवरून असं दिसतं, की उष्ण हवेत वाढणारी गवतं आपल्या उपखंडात साधारण ७०-८० लाख वर्षांपूर्वीच पसरली होती. तेव्हा कुऱ्हाड हातात घेणारं कुणी नव्हतं. गवतांची वेगळी वर्गवारी १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी केली. देशाच्या गवताळ आच्छादनाचे त्यांनी पाच प्रकार पाडले, आणि आपलं दख्खन त्यातल्या शेडा-मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतं. पण वनांचे नकाशे एका खात्याचे, गवताचे दुसऱ्या संस्थेचे, आणि पडीक जमिनींचा ॲटलास तिसऱ्याचाच. त्या पडीक ॲटलासमध्ये २०१५-१६ साली देशाची सुमारे १७ टक्के जमीन ‘पडीक’ होती. तुमच्या सड्यांचा बराच भाग त्यात ‘खडकाळ ओसाड’ म्हणून सापडेल.

हे लिहिताना स्वतःचीच चूक आठवते. माझ्या पहिल्या मोठ्या नकाशात दक्षिण कोकणातल्या सड्यांचे किती तरी तुकडे मीच ‘बरड’ म्हणून काळपट करड्या रंगात रंगवले होते. उपग्रहाचं चित्र एप्रिलचं होतं. पुढच्या जुलैत तपासणीसाठी त्यातल्याच एका तुकड्यावर गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. जांभ्याच्या खळग्यात बोटभर पाणी, त्यात सीतेच्या आसवांचा निळसर थर, कडेनं पाणगेंदाचे पांढरे गोंडे, आणि जरा खोल डबक्यात वायतुरा. एक मीटरची चौकट टाकली आणि मोजायला बसलो, तर पाऊण तास त्या एका चौकटीतून उठताच येईना. घरी आल्यावर नकाशा उघडला, त्या जागी शून्य. आमच्या धंद्यातली ही जुनी अडचण आहे: सडा जिवंत असतो तेव्हा वर ढग असतात आणि उपग्रहाला काही दिसत नाही. ढग हटतात तेव्हा ऑक्टोबरचं ऊन लागून सगळं वाळलेलं असतं.

प्रकार ठरले की धोक्याचा दर्जा. त्यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं, म्हणजे आययूसीएननं, २०१४ मध्ये परिसंस्थांच्या लाल यादीचे निकष स्वीकारले. प्रजातींच्या लाल यादीचंच हे भावंड, फक्त इथे वाघ किंवा माळढोक नसतो, तर अख्खी परिसंस्था असते. निकष पाच आहेत, पण व्यवहारात बहुतेक वेळा पहिल्या दोनांवरच निकाल लागतो. पहिला घटीचा. गेल्या ५० वर्षांत क्षेत्र ३० टक्के घटलं तर असुरक्षित, ५० टक्के घटलं तर संकटग्रस्त, ८० टक्के घटलं तर अतिसंकटग्रस्त. १७५० पासूनची घट मोजायची असेल तर हेच उंबरठे ५०, ७० आणि ९० टक्के असे वर सरकतात. दुसरा निकष पसाऱ्याचा: १० बाय १० किलोमीटरच्या चौकोनांची जाळी टाकायची आणि तो प्रकार किती चौकोनांत सापडतो ते मोजायचं. दोनच किंवा त्याहून कमी चौकोन असतील तर अतिसंकटग्रस्त, वीसपर्यंत संकटग्रस्त, पन्नासपर्यंत असुरक्षित. पण नुसता पसारा कमी आहे म्हणून दर्जा मिळत नाही, हे नवखे लोक हमखास विसरतात. जागा थोडी असणं हा काही रोग नव्हे. तिथे घट चालू आहे, किंवा ती घडवणारा धोका समोर दिसतोय, हे दाखवावं लागतं. सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल घ्या. जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेलं ते क्षेत्र २.५९ हेक्टर आहे. त्यावरून ‘अतिसंकटग्रस्त’ असा शिक्का मारायचा मोह होतो. पण मूल्यमापन त्या एका तुकड्याचं नसतं, प्रकाराचं असतं. तोच प्रकार गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत आहे, कर्नाटकात आहे, केरळातही आहे. सगळे तुकडे एकत्र धरून मगच जाळी टाकायची.

उरलेल्यांपैकी तिसरा निकष माती-पाणी बिघडण्याचा, चौथा आतली जीवसृष्टी बिघडण्याचा, पाचवा गणिती भाकिताचा. पाचव्यासाठी लागणारी माहिती आपल्याकडे जवळजवळ कुठल्याच प्रकाराची नाही, तेव्हा तो सोडा. चौथा मात्र भारतासाठी फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे जंगल कापलं न जाताही आतून संपतं. वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात घाणेरीचं (लँटानाचं) परकं झुडूप शिरल्याचं २०२० च्या एका अभ्यासानं दाखवलं. वरून पाहिलं तर छत शाबूत, आत रोपटं उगवायला जागा नाही.

पहिल्या निकषाचं एक उदाहरण मी नेहमी देतो, तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांचं. तिथे उंचावर शोला, म्हणजे खुजी सदाहरित जंगलं, आणि मध्ये गवताळ उतार असं जोडीनं असतं. १९७० च्या दशकापासून चार दशकांच्या उपग्रहचित्रांवरून काढलं, तर गवताळ भाग जवळजवळ दोन तृतीयांश गेला होता. गेला कशात? वॅटल (परदेशी बाभूळ) आणि निलगिरीच्या लागवडीत, काही शेतीत. शोलाही घटली होती, पण प्रमाणानं बरीच कमी. एकूण ‘हिरवं’ मोजणाऱ्याला तिथे काहीच वावगं दिसलं नसतं, उलट झाडं वाढली म्हणून शाबासकी मिळाली असती. फक्त पळणीपुरतं बोलायचं तर हा आकडा सरळ ‘संकटग्रस्त’मध्ये बसतो. निलगिरी, अनैमलाई असा सगळा पट्टा धरला तर दर्जा बदलूही शकतो.

इथे खरी मारामारी येते ती ‘मूळ किती होतं’ याची. ५० वर्षांमागचं बरंच सापडतं. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं १९७२ पासून आहेत. त्याआधीसाठी कोरोना नावाच्या अमेरिकी हेर उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. नावाला हसू नका, काळ्या-पांढऱ्यात आहेत पण एकेक बांध दिसतो. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भूरूप नकाशांवर, ‘डेन्स मिक्स्ड जंगल’, ‘ओपन स्क्रब’ असे शेरे असतात, तेही उपयोगी पडतात. पण १७५० चं काय? मराठेशाहीतला सडा कुणी मोजून ठेवलेला नाही. तिथे जमिनीचा प्रकार, पाऊस, उंची, उतार यांवरून ‘इथे हा प्रकार असायला हवा’ असा संभाव्य नकाशा करतात. तो अंदाज आहे हे नकाशावरच मोठ्या अक्षरात लिहावं, असं माझं मत आहे. लोक लिहीत नाहीत. मग पाच वर्षांनी तोच अंदाज ‘मूळ क्षेत्र’ म्हणून दुसऱ्याच्या अहवालात जातो आणि त्याला वस्तुस्थितीचा मान मिळतो.

आणखी एक. सरासरीवर विश्वास ठेवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातल्या संशोधकांनी जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं जोडून १९३० ते २०१३ मधली देशातली वनघट काढली, ती २८ टक्के निघाली. वाचणाऱ्याला वाटतं, बरं आहे, फार नाही. पण २८ हा आकडा बर्फाजवळची खुरटी झुडपं, मध्य भारताचा साग आणि किनाऱ्यालगतचं रान यांना एकत्र घुसळून आलेला आहे. सुपीक, सपाट, रस्त्यालगतच्या जमिनीवरचे प्रकार केव्हाच गेले आणि नांगर चालत नाही तिथले राहिले.

संरक्षणाचंही तेच. दक्षिण आफ्रिकेनं हे काम ज्या शिस्तीनं केलंय ते बघण्यासारखं आहे. त्यांनी आधी अख्ख्या देशाचा वनस्पतिप्रकारांचा नकाशा केला, २००६ मध्ये छापला, सुधारत नेला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवविविधता मूल्यमापनात असे ४५८ प्रकार होते. प्रत्येक प्रकाराला त्यांनी स्वतंत्र लक्ष्य दिलं: मूळ क्षेत्राच्या १६ ते ३६ टक्के. एकसारखी टक्केवारी सगळ्यांना नाही. जिथे प्रजाती दाट आणि जागोजागी बदलणाऱ्या, तिथे लक्ष्य जास्त. मग त्या लक्ष्यापैकी किती संरक्षित क्षेत्रात आलंय ते बघायचं. पूर्ण आलं असेल तर सुसंरक्षित, निम्म्याच्या वर असेल तर मध्यम, ५ ते ४९ टक्के असेल तर कमी, आणि ५ टक्क्यांच्या खाली असेल तर असंरक्षित. या पद्धतीतून त्यांचंच एक दुखणं उघडं पडलं. केप भागातल्या डोंगरमाथ्यांवरचं फिनबॉस नावाचं झुडपी रान भरपूर संरक्षित, आणि खालच्या सपाटीवरचं रेनोस्टरवेल्ड हे दुसरं झुडपी रान गव्हाखाली जाऊन पश्चिम भागात दहा टक्क्यांहूनही कमी उरलेलं.

आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, संवर्धन राखीव क्षेत्रं धरून देशाचा पाच टक्क्यांच्या आसपास भूभाग येतो. पण ते पाच टक्के कुठे पडलेत? लडाखचं एकटं हेमिस राष्ट्रीय उद्यान सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या समोर दख्खनच्या माळरानाची हक्काची संरक्षित जागा ठेवा: कर्जतचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटर, बारामतीजवळचं मयूरेश्वर-सुपे जेमतेम ५. आणि मग येतं सोलापूरजवळचं नान्नज, माळढोकाचं अभयारण्य.

नान्नजवर जरा थांबतो, कारण संरक्षणाचा आकडा किती फसवा असतो हे याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य घोषित झालं. त्यात गावं होती, ऊस होता, रस्ते होते, तालुक्यांची ठिकाणं होती. खरं गवत म्हणावं असे वनखात्याचे माळ त्यात विखुरलेले, एकूण क्षेत्राच्या मानानं किरकोळ. नंतर त्याची फेररचना होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आता हिशेब मांडा. कागदावर सात हजारांहून जास्त चौरस किलोमीटरचं संरक्षण गेलं, जमिनीवर त्या कागदानं गवताची काडी हलली नाही. मूल्यमापन करणाऱ्यानं १९९० मध्ये अभयारण्याची नुसती हद्द नकाशावर टाकली असती तर ‘शेडा-मारवेल गवताळ प्रदेश: उत्तम संरक्षित’ असा निष्कर्ष निघाला असता. आणि माळढोक तिथून हळूहळू नाहीसा होत होता.

म्हणून माझा नियम साधा आहे. हद्दीच्या आत आहे म्हणून मोजायचं नाही. हद्दीच्या आत आहे *आणि* अजून तोच प्रकार आहे, तरच मोजायचं. समजा एका प्रकाराचं मूळ क्षेत्र १,००० चौरस किलोमीटर, लक्ष्य २० टक्के, म्हणजे २०० हवेत. अभयारण्यात त्याचे १२० येतात. १२० भागिले २००, ६० टक्के, ‘मध्यम संरक्षित’. ठीक. पण त्या १२० पैकी ३० वर गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आहे, जी वृक्षारोपणाच्या कुठल्या तरी मोहिमेत झाली. मग उरले ९०. ४५ टक्के, ‘कमी संरक्षित’. एक वजाबाकी केली तर पायरी बदलते. ही वजाबाकी करायला एकदा मला एका बैठकीत सरळ मनाई झाली होती. कारण सांगितलं गेलं, ‘झाडं आहेत ना तिथे?’

राखीव वन संरक्षणात धरायचं की नाही, हे लोक विचारतातच. मी धरत नाही, पण वेगळ्या रकान्यात दाखवतो. देवराया आणि सामूहिक वनहक्काची गावं यांनाही वेगळा रकाना. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावानं राखलेलं रान एखाद्या दुर्लक्षित अभयारण्यापेक्षा बरं असू शकतं, पण कायद्याचं आणि राखणीचं कवच एकाच आकड्यात मिसळलं की दोन्ही दिसेनासे होतात. जैवविविधतेच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात ३० टक्के भूभाग २०३० पर्यंत संरक्षणाखाली आणायचं ठरलंय, आणि ते सगळ्या परिसंस्थांचं प्रतिनिधित्व करणारं हवं असंही त्यात आहे. तीसच्या आकड्याची चर्चा होते, प्रतिनिधित्वाची होत नाही. तीसपैकी बराच मोठा हिस्सा हिमालयात आणि वाळवंटात घेऊनही आकडा गाठता येतो.

आता तुमच्या सड्यांचं. देशपातळीवर त्यांना स्वतंत्र प्रकार मानलेलं नाही, त्यामुळे वरची सगळी यंत्रणा त्यांच्याबाबतीत पहिल्याच पायरीवर अडते. मी असतो तर आधी उंचीवरचे आणि सखल सडे वेगळे केले असते. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण ते १,२०० मीटरवर आहे. तिथला वायतुरा वेगळा, तुमच्याकडचा वेगळा. दीपकाडी हे कंदाचं रोपसुद्धा तिथलं निराळं आणि कोकणचं निराळं. कास राखलं म्हणून राजापूरचा सडा राखला असं होत नाही. सातारकडच्या सड्यांना पवनचक्क्या आणि पर्यटक, तुमच्याकडे चिरेखाणी, कलमं आणि कारखाने. धोकेही जुळत नाहीत.

विद्यार्थ्यांकडून तालुक्यापुरतं नक्की होईल, फक्त त्याला ‘लाल यादीतला दर्जा’ म्हणू नका, कारण तालुका म्हणजे अख्खा प्रकार नव्हे. १९७० च्या आसपासची टोपोशीट किंवा कोरोनाची छायाचित्रं घ्या, त्यावर सड्यांच्या कडा हातानं गिरवा. सड्याची कड जांभ्याची असल्यानं ठळक दिसते, जंगलापेक्षा हे काम सोपं आहे. मग आजची मोफत मिळणारी स्पष्ट चित्रं घेऊन चिरेखाण, बाग, इमारत, रस्ता आणि शाबूत सडा असे पाचच वर्ग करा. जास्त वर्गांच्या नादी लागू नका. शंभर ठिपके यादृच्छिक काढून प्रत्येकावर प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि तुमची चूक किती निघते ते लपवू नका. चूक १५ टक्के आणि घट १२ टक्के निघाली, तर घट सिद्ध झालेली नाही. घट ४० निघाली तर मात्र बोलायला जागा आहे. बागेखालच्या सड्यात एक फरक करा: कातळ फोडून खड्डे केलेत की नुसती कडेला काजू लावलीय. पहिलं परत येत नाही. मालकी सातबाऱ्यावरून काढता आली तर फारच उत्तम, कारण बहुतेक सडे खाजगी किंवा सामायिक निघतील आणि वनखात्याशी बोलून तुमचा प्रश्न सुटणार नाही हे तेव्हाच कळेल.

आणि फिल्डवर जायची पहिली फेरी जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस पडल्यावर लगेच ठेवा. परीक्षा, प्रवेश हे सगळं त्याच दिवसांत असतं हे ठाऊक आहे. पण दीपकाडी तुमच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही, आणि तिची पानं वाळली की खाली कंद आहे की नुसता दगड, ते तुम्हालाही सांगता येणार नाही.